पन्नीचं दुसरं टोक

इतवारी, नागपूर
१० फेब्रुवारी २०२५

मोठेबाबा,

पाया पडली असं समजा. खरंच वाकायची ताकद नाही. तीन दिवसांपासून गुडघ्यावर बसून कडेकडेनं ग्राइंडर मारून राहिली. मोठी मशीन भिंतीपर्यंत पोचत नाही, शेवटची चार बोटं हातानंच घासावी लागतात. आणि हे मी कोणाले सांगून राहिली, तर ज्यांनी तीस वर्षं हेच केलं आणि दोन्ही कान त्या मशीनले देऊन टाकले त्यांना.

फोन केला असता, पण तुम्ही फोनवर नुसतं 'हां हां' म्हणता आणि मागून मोठी आई ओरडते, "काही ऐकू नाही येत त्यांना, उगाच हां म्हणून राहिले." मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही. म्हणून पत्र. पिंटू रोज सकाळी रामटेकहून भाजीचा टेम्पो घेऊन इतवारीत येते, परत रिकामाच जाते. तो देईन म्हणाला. वाचू नको म्हटलं तर म्हणे, "ताई, मले बायकोचे मेसेज वाचाले टाइम नाही."

काम असं आहे. मधुकररावांचं मसाल्याचं गोदाम. आता तिथं मिरची-हळद पॅक करायच्या मशीनी लावणार. लायसन्ससाठी खालची जमीन बिनभेगेची, धुता येणारी पाहिजे, म्हणून वरून इपॉक्सीचा, प्लास्टिकसारखा कडक लेप. खालचा कोबा तुमच्याच हातचा, २००३ चा. मधुकरराव येता-जाता सगळ्यांना सांगतात, "मारोतरावाचा कोबा आहे, बावीस वर्षांत घाम नाही फुटला." काम मले त्या वाक्यावर भेटलं, माझ्या डिप्लोम्यावर नाही. एकटीचं पहिलं काम आहे, मोठेबाबा. इपॉक्सी उखडली तर इतवारीत दुसरं भेटणार नाही. इथं एका दुकानात शिंकलं तर दहाव्या दुकानात विचारतात, कोणाले सर्दी झाली.

सोबतीले फक्त बायजाबाई. साठीच्या वर असेल. सक्करदऱ्याहून येते, झाडते, उंबरठ्यावर सडा टाकते, मग कोपऱ्यात बसून माझ्याकडे पाहत राहते. मधुकररावांच्या आईनं, सुमतीबाईंनी ठेवलेली. त्या जाऊन आठ वर्षं झाली, ही आहे.

आता अडचण. पोती जिथं ठेवत होते तिथं तेल मुरलं आहे. पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा बसून राहते, आत जातच नाही. तेल काढायचं केमिकल दोनदा मारलं. काय करू? पाडव्याले मशीन लावायची आहे म्हणतात. तीस मार्च.

गुंजन


रामटेक
१३ फेब्रुवारी

गुंजन पोरी,

पत्र भेटलं. वांग्याचा वास होता त्याले. तुझी मोठी आई म्हणे, पोट्टीनं कागदासोबत दोन वांगी पाठवली असती तर वाया नसती गेली.

केमिकल टाकून लगेच धुऊन टाकत असशीन तू. घाई तुझ्या बापाकडून, माझ्या धाकट्या भावाकडून, आली. ब्रशनं घास, वीस मिनिटं राहू दे, गरम पाण्यानं काढ, मळी पुसून बाहेर टाक. मग वाळल्यावर पुन्हा ग्राइंडर. मग थेंब. कोब्यानं मिनिटभरात पाणी पिऊन घेतलं पाहिजे. पिऊन राहिला म्हणजे इपॉक्सीलेही धरून ठेवेन. नाही पीत म्हणजे वर कितीही चकाकू दे, वर्षभरात पापडासारखी सुटते.

धुतल्यावर आठ-दहा दिवस पंखे लावून वाळव. मग प्लास्टिकची पन्नी लाव. दीड फुटी चौकोन, चारी बाजूनं टेप, एक दिवस एक रात्र. उचलल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले की जमिनीत ओल आहे. कोरडं असलं तर इपॉक्सीखालचा प्रायमर मार.

दरवाज्याजवळ एक लाव, मधात एक, वजनकाट्याजवळ एक, दक्षिणेच्या भिंतीले एक. चार पुरे. ईशान्येच्या कोपऱ्यात लावू नको. तिथं ऊन येते, उन्हानं पन्नीखाली खोटा घाम सुटते. गैरसमज होईन.

कानात कापूस घालत जा. मी नाही घातला.

मारोतराव


इतवारी
२५ फेब्रुवारी

मोठेबाबा,

थेंब पिला. तुम्ही सांगितलं तसं केलं, आणि चौथ्या दिवशी कोब्यानं चाळीस सेकंदात पाणी आत घेतलं. मी मोबाइल धरून सेकंद मोजत होती, बायजाबाई म्हणे, "पोरगी जमिनीले पाणी पाजून राहिली आणि स्वतः सकाळपासून उपाशी." तिनं भाकर दिली, मिरचीच्या ठेच्यासोबत. त्या गोदामात बसून ठेचा खायचा म्हणजे डोळे आतून-बाहेरून दोन्हीकडून जळतात.

धुतल्यापासून आठ दिवस पंखे चालवले. काल पन्न्या लावल्या, पाच लावल्या. इपॉक्सीवाल्यांच्या कागदावर लिहिलं आहे की कोपरे सोडू नका, म्हणून ईशान्येलाही एक. आज उचलल्या. चार कोरड्या. ईशान्येची ओली. नुसता दमटपणा नाही, थेंब. बोट फिरवलं तर ओघळ आला.

एक सांगा, तिथं ऊन कुठून येईन? खिडकीच नाही त्या भिंतीले. दुसऱ्या गोदामाचं आठवून राहिले काय तुम्ही?

मी तरी विचारात पडली. पाऊस जाऊन चार महिने झाले. त्या कोपऱ्यात पोती कधी ठेवलीच नाहीत, तेल नाही, म्हणून मी तिथं पाणीही नाही टाकलं. मग पाणी टाकते कोण? रोज सकाळी बालदी घेऊन फिरते एकच बाई. मी मधुकररावांसमोर सहज बोलली, "बायजाबाई तिकडेही पुसून घेत असेन." सहजच बोलली, खरं सांगते. ते आधीच पाडव्याच्या टेन्शनमध्ये. तिले बोलावून सगळ्या हमालांसमोर झापलं. ती एवढंच म्हणाली, "तिथं मी पाणी टाकत नाही, मालक. तिथं मी पायसुद्धा ठेवत नाही." ते म्हणाले, "मग पाणी काय आकाशातून आलं?" चाबी घेतली तिच्याकडून आणि म्हणाले, काम होईपर्यंत येऊ नको, मग पाहू.

'मग पाहू' म्हणजे काय ते तुम्हाले माहीत आहे.

ती बालदी उपडी घालून गेली. बावीस-पंचवीस वर्षांची बालदी असेन ती, पत्र्याची. मले जेवण गेलं नाही. पण मग पुन्हा वाटलं, पायसुद्धा ठेवत नाही म्हणजे काय? झाडणारी बाई पाय न ठेवता झाडते कशी?

गुंजन


रामटेक
२७ फेब्रुवारी

गुंजन,

पुन्हा पन्नी लाव. दोन दिवस ठेव.

बायजाबाईले बोलायला नको होतं. कोणालेच काही बोलू नको सध्या.

तब्येत बरी आहे माझी.

मारोतराव

गुंजे, मी मोठी आई लिहून राहिली, यांच्या कागदावर जागा उरली म्हणून. तब्येत बरी नाही. तुझं पत्र आल्यापासून जेवण अर्धं झालं. काल रात्री कागद घेऊन बसले, लिहिलं, घडी केली, आज पहाटे चप्पल घालून पिंटूच्या टेम्पोपर्यंत गेले आणि पत्र तसंच खिशात घेऊन परत आले. मी विचारलं, "काहून परत आणलं?" तर म्हणे, "हां हां." तिकडे काय झालं वं? तूच सांग. माझ्या अक्षराले हसू नको. देवकी.


इतवारी
३ मार्च

मोठेबाबा,

दोन दिवस ठेवली. पुन्हा ओली. बायजाबाई आठवडाभर इकडे फिरकली नाही, बालदी उपडीच आहे, उंबरठा कोरडा आहे, आणि तो कोपरा ओला आहे.

म्हणजे ती खरं बोलत होती.

हे मी मधुकररावांना अजून सांगितलं नाही. तुम्हाले खोटं लिहिणार नाही म्हणून लिहून राहिली. कालपासून गप्प आहे. ते विचारतात, "वाळलं का?" मी म्हणते, "वाळून राहिलं." इपॉक्सी देणारा माणूस म्हणते, "मॅडम, ओल रोखायचा प्रायमर येते, तो मारा वरून आणि मोकळ्या व्हा. दोन वर्षं जातात आरामात. मग कोण विचारते?" मी काल रात्री झोपलीच नाही, हिशेब लावत पडली. पाचवी पन्नी मी लावलीच नव्हती असं म्हणता येते. चार कोरड्या आहेतच. पाडव्याले मशीन लागेन, फोटो काढतील, पुढचं काम भेटेन. आणि बायजाबाई घरी बसेन. तिले कोण विचारते, हेही त्यातच आलं.

मले फार थकल्यासारखं झालं आहे. धुळीनं नाही. नाकात धूळ आहे ती धुऊन जाते.

सकाळी मी त्या कोपऱ्यात नुसती उभी राहिली बूट घालून. तुमच्याच हातचा कोबा आहे. कॉलेजात शिकवलं होतं की काँक्रीटखाली पन्नी अंथरतात, ओल वर येऊ नये म्हणून, आणि मी वर्गात हात वर करून म्हटलं होतं, माझे मोठेबाबा तर मास्तरांच्या आधीपासून अंथरून राहिले. म्हणून सरळ विचारते. बाकी सगळीकडे आहे, ते दिसूनच राहिलं. त्या कोपऱ्याखाली पन्नी आहे ना?

तुम्ही मले तिथं बघू नको म्हणाले होते.

गुंजन


रामटेक
५ मार्च

गुंजन,

सव्वीस तारखेले एक पत्र लिहिलं होतं, तेच सोबत आहे. नवीन लिहायची हिंमत नाही. घड्या पडल्या आहेत, आठवडाभर खिशात होतं.

मारोतराव

[सोबतचं]

रामटेक
२६ फेब्रुवारी

गुंजन पोरी,

तिथं ऊन येत नाही. तू बरोबर आहेस.

२००३ चा मे महिना. गिट्टी दाबून झाली होती, वर पन्नी अंथरली होती, दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडणार. दुपारी सुमतीबाई आल्या. ईशान्येले त्यांनी भूमिपूजन केलं होतं, स्वतःच्या हातानं खड्ड्यात तांब्याचा लोटा, सुपारी, हळकुंड ठेवून माती लोटली होती. पन्नी पाहून म्हणाल्या, "मारोतराव, हे काय? धरतीच्या तोंडावर पन्नी? माझी सुपारी श्वास कुठून घेईन?"

मी समजावलं. ओल वर येईन म्हटलं, बाई. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. मालकीण, माझ्या आईच्या वयाची, आणि माझ्यासमोर हात जोडून. मी म्हटलं, चार बाय तीन फुटाचा तुकडा, कोणाले कळते. कटर काढला आणि कापला. पन्नी ताणून धरल्याशिवाय पातं सरळ चालत नाही. कोणीतरी दुसरं टोक धरलं होतं, एखादा मजूर असेन, आता आठवत नाही.

उघडा कोबा असला की ओल वर येते आणि हवेत निघून जाते, दिसत नाही. म्हणून बावीस वर्षं कोणाले कळलं नाही. वरून झाकलं की कळते. तू झाकणार, हे तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच समजलं मले. आणि तरी मी तुले उन्हाचं लिहिलं.

मधुकररावानं पहिल्यांदा चार लोकांसमोर म्हटलं, "घाम नाही फुटला," तेव्हा सांगणार होतो. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा चहा पिऊन उठलो. मग ते वाक्य माझंच झालं. त्याच्यावर कामं भेटली. तुझं हे कामही त्याच्यावरच भेटलं.

आज तुझ्या पत्रात वाचलं, 'तिथं मी पायसुद्धा ठेवत नाही.' सुमतीबाईंनी सांगून ठेवलं असेन तिले, पुजलेल्या जागेवर पाय देऊ नको म्हणून. ती भोवतीनं झाडत असेन बावीस वर्षं. आणि माझ्यापायी तिची चाबी गेली.

कापलेल्या तुकड्यापेक्षा वीतभर जास्त फोड. जुनी पन्नी सापडेन. नवी तिच्यावर वीतभर चढव, टेप मार, मग काँक्रीट. अठ्ठावीस दिवस हात लावू नको. पाडवा जाईन. प्रायमरवाला कोणी भेटला तर त्याले हो म्हणू नको, मी दोन मिनिटांसाठी हो म्हटलं होतं.

मधुकररावाले हे पत्र दाखव.

मारोतराव


रामटेक
९ मार्च, रविवार

गुंजन,

आज नागपूरले आलो होतो, तुले सांगितलं नाही. पहिल्या बसनं आलो, परत पण आलो. इतवारीत यायची हिंमत नाही झाली.

सक्करदऱ्याले गेलो. तलावाच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत बायजाबाईचं घर सापडलं. मी हात जोडले, जे सांगायचं ते सांगितलं. माझा आवाज मले कळत नाही, मोठ्यानं बोललो असेन, शेजारच्या तीन बाया बाहेर आल्या. म्हणजे आता सगळ्या सक्करदऱ्याले माहीत आहे.

मग ती बोलली. बराच वेळ बोलली, हात हलवून हलवून. मले एक अक्षर ऐकू नाही आलं. कागद-पेन पुढे केला तर तिनं मान हलवली, लिहिता येत नसेन. तोंडावरून वाटलं शिव्या देऊन राहिली. दिल्या पायजेच. मी उभा राहून सगळ्या ऐकल्या, म्हणजे पाहिल्या. शेवटी चहा दिला. शिव्या देऊन चहा पाजणारी बाई नागपुरातच भेटते.

तू मधुकररावाले दाखवलं का?

मारोतराव


इतवारी
१३ मार्च

मोठेबाबा,

दाखवलं. सात तारखेलेच दाखवलं. आधी माझं सांगितलं, की दुसरी पन्नी ओली निघूनही मी पाच दिवस गप्प होती. मग तुमचं पत्र दिलं. उभ्यानं वाचलं त्यांनी, मग पोत्यावर बसून पुन्हा वाचलं. मले वाटलं आता मशीन उचलून बाहेर फेकतात. ते म्हणाले, "आई मले काहीच नाही बोलली." मग, "तुझ्या मोठेबाबाले म्हण—" आणि उठून गेले. दोन दिवस आले नाहीत इकडे. सोमवारी आले ते स्कूटरवर मागं बायजाबाईले बसवून. चाबी तिच्या हातात होती. मले म्हणाले, "फोड. मशीन अक्षय तृतीयेले लावू. आणि पुढचं काम मागायले येऊ नको एवढ्यात, माझं डोकं तापलेलं आहे." मी हो म्हटलं. डोकं थंड झाल्यावर मागीन, नाहीतर नाही मागणार.

बायजाबाईची मी माफी मागितली. ती म्हणे, "ठीक आहे, पोरी," आणि बालदी सरळ केली. 'ठीक आहे' मध्ये काय काय होतं ते मले नाही कळलं. विचारायची हिंमतही नाही झाली.

दोन दिवस फोडलं. तुम्ही लिहिलं तसंच, वीतभर बाहेर जुनी पन्नी सापडली. तुमचा काप अगदी सरळ आहे, पट्टी लावल्यासारखा. आत गिट्टीखाली माती काळी, ओली, मुठीत धरली तर गोळा होते. लोटा हिरवा पडला आहे. सुपारी नाही, विरून गेली. मधुकररावांनी लोटा पुसला, पाहिला आणि म्हणाले, ठेव परत. बायजाबाईनं आपल्या कनवटीतून नवी सुपारी काढून आत टाकली.

मग आज नवी पन्नी. मी घडी उलगडली, एक टोक गुडघ्याखाली दाबलं आणि दुसरं ताणायले कोणी आहे का पाहू लागली. हमाल जेवायले गेले होते. बायजाबाई पुढं आली. लोटा पुरला होता तेवढी जागा सोडून, भिंतीच्या कडेनं, पाय जपून ठेवत आली. वाकताना गुडघ्यांचा आवाज आला तिच्या. म्हणाली, "आण, दुसरं टोक मी धरते. तेव्हाही मीच धरलं होतं."

मी म्हटलं, "कधी?"

"तुझ्या मोठेबाबांनी कापली तेव्हा. मी म्हटलं, कापा भाऊ, बाईंचं मन राहू द्या. कापायच्या आधी ते माझ्याकडे पाहून थांबले होते. मी नाही म्हटलं असतं तर नसती कापली त्यांनी."

"मग मालकांनी झापलं तेव्हा सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? पाणी नव्हतं टाकलं, ते सांगितलं. बाकी मालक बरोबरच बोलत होते, ओल माझ्याच हातची होती." मग म्हणे, "रविवारी सगळं सांगितलं त्यांना. अर्धा तास सांगितलं. म्हटलं, भाऊ, एकट्यानं नका घेऊ अंगावर, अर्धं माझं आहे. ते मान हलवत होते. हां हां म्हणत होते. मले वाटलं समजलं."

तुम्ही तिथंही हां हां म्हणत होते, मोठेबाबा.

शिव्या नव्हत्या त्या.

मी टेप मारत चारी बाजूनं फिरली. गुडघ्यावर, हळू, कुठं हवा राहू नये म्हणून बोटानं दाबत दाबत. अर्धा तास लागला असेन. म्हटलं, बसा आता बायजाबाई, झालं. ती म्हणे, "तू मार आधी." शेवटचा टेप चिकटेपर्यंत तिनं ते टोक सोडलं नाही.

गुंजन